आईला लकवा झालाय, व्यायाम रोज होतो. मग पदवीवाला फिजिओ कशाला?

नमस्कार.

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी मला समजला तसा मांडते. तुमची आई ६४ वर्षांची, देवगड तालुक्यात घरी असते. सात आठवड्यांपूर्वी डाव्या बाजूला लकवा झाला. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला दाखल केलं होतं, तिथून घरी आणलं. मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे, बोलणं स्पष्ट आहे. शेजारच्या वाडीतला एक मुलगा पूर्वी मुंबईत एका हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात मदतनीस होता. तो रोज सकाळी येतो, तेल लावून मालीश करतो, हातपाय हलवून घेतो, आणि पडवीच्या वाशाला कप्पी बांधून दोरीने हात वरखाली करायला लावतो. दिवसाचे दीडशे रुपये घेतो. कणकवलीहून एक पदवीधर फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायला तयार आहेत, एका वेळचे सहाशे. धाकटा भाऊ म्हणतो, व्यायाम तो व्यायाम, कागदाचे पैसे कशाला मोजायचे? तुम्ही डोंबिवलीत बसून ठरवू शकत नाही आहात, आणि विचारताय की विद्यापीठातल्या त्या साडेचार वर्षांनी रुग्णाला नेमका काय फरक पडतो.

आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे: हल्ली आईचा डावा खांदा दुखतो म्हणून ती व्यायामाचा कंटाळा करते.

मी तिथूनच सुरू करते, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. पदवी हवी की नको हा वाद भावाभावांत वर्षभर चालेल. खांदा तेवढा थांबणार नाही.

एक सांगून ठेवते. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, शिकले मुंबईत, काम करते सिंधुदुर्गात. मी पदवीच्या बाजूने बोलणार हे उघड आहे. ते धरूनच वाचा आणि पटलं नाही तिथे विचारा.

लकव्यानंतर खांदा दुखणं अगदी नेहमीचं, पण दर वेळी कारण तेच नसतं. खांद्याचा सांधा मुळात उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा एका लहान खळगीला टेकलेला असतो आणि त्याला तिथे धरून ठेवायचं काम बरंचसं स्नायू करतात. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतो, म्हणजे साठ किलोच्या बाईचा हात तीन किलोंच्या आसपास. स्नायू ढिले पडले की हे ओझं दिवसभर लोंबतं आणि गोळा खळगीतून खाली उतरतो. खांद्याच्या टोकाखाली बोट दाबलं तर खाच लागते. हे एक कारण झालं. दुसरं, सांध्याभोवतीचं आवरण आखडणं, ज्याला सगळे फ्रोझन शोल्डर म्हणतात. मधुमेह असलेल्यांना ते जास्त होतं. कधी स्नायू ढिले राहण्याऐवजी उलट ताठतात आणि हात छातीकडे ओढला जातो. कधी पंजा सुजतो, गरम आणि चकचकीत होतो, बोटाला हात लावू देत नाही. खांदा आणि पंजा मिळून होणारं ते वेगळंच दुखणं. कधी ओढाताणीत खांद्यातला स्नायू त्याच्या टोकाशी फाटलेला असतो. कधी दुखणं मेंदूतूनच येतं आणि खांद्यात काहीही बिघडलेलं नसतं. आणि ६४ वर्षांच्या मधुमेही बाईचा डावा खांदा चार पावलं चालल्यावर दुखतोय, सोबत घाम आहे, धाप आहे, असं असेल तर तो खांदा नसून हृदय असू शकतं. तसं काही दिसलं तर हे उत्तर इथेच सोडा आणि आधी डॉक्टर गाठा.

एवढी यादी घाबरवायला दिलेली नाही. यातल्या एकावरचा इलाज दुसऱ्याला बाधतो, म्हणून दिली. ढिल्या खांद्याला आधार लागतो, ताण अजिबात चालत नाही. आखडलेल्या आवरणाला हळूहळू ताणच द्यावा लागतो. सुजलेल्या पंजाला जोर लावून हलवलं तर तो आणखी चिडतो. मेंदूतून येणाऱ्या दुखण्यावर व्यायाम फारसा चालत नाही, तिथे डॉक्टरांची औषधं लागतात. आईच्या खांद्यात यांपैकी काय आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हात लावून, दोन्ही बाजू ताडून, कुठल्या कोनात दुखतं ते बघूनच ते कळतं.

आता कप्पी. आपल्याकडे विहिरीची जुनी कप्पी घरात पडलेली असतेच, वासाही हाताशी असतो, त्यामुळे ही युक्ती मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. चांगल्या हाताने दोरी खेचायची, लुळा हात वर जातो. बघायला छान वाटतं. पण हात पूर्ण डोक्यावर नेताना जे साधारण १८० अंश होतात, त्यातले सुमारे १२० दंडाच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० खांद्याचं पातं फिरल्यामुळे मिळतात. शिवाय दंडाला स्वतःभोवती बाहेरच्या अंगाला वळावं लागतं, नाहीतर त्याचा उंचवटा वरच्या हाडाला जाऊन भिडतो. तुमच्या-माझ्यात हे न सांगता होतं. लकव्यात पातं फिरवणारे स्नायूच कामावर नसतात. दोरी ओढते फक्त मनगट. पातं जागचं हलत नाही, दंड वळत नाही, आणि दोन हाडांमधला मऊ भाग दर खेपेला चिमटीत सापडतो. म्हणूनच लकव्याच्या खांद्याला डोक्यावरची कप्पी देऊ नये असं आम्हाला शिकवलं जातं. तुमच्या आईचा खांदा कप्पीमुळेच दुखतोय असं मी छातीठोक म्हणत नाही. पण कप्पी आज काढा. काढल्याने नुकसान काही नाही.

मग त्या मुलाने ती आणली कुठून? हॉस्पिटलमधूनच, आणि तिथे ती बरोबरच असणार. दंडाचं हाड मोडून जुळल्यावर किंवा आखडलेला खांदा सोडवताना कप्पी चांगली उपयोगी पडते, कारण तिथे स्नायू जिवंत असतात, सांधा फक्त आखडलेला असतो. त्याने तिथे कप्पीने हात सुटलेले पाहिले. त्याने पाहिलं ते खोटं नव्हतं.

मदतनिसाला दिसतात ते दिलेले व्यायाम. न दिलेले व्यायाम त्याला कधीच दिसत नाहीत. कप्पीला बसवलेले दहा रुग्ण त्याला दिसले. अकराव्याला तपासून फिजिओथेरपिस्टने मनातल्या मनात कप्पी रद्द केली आणि त्याला टेबलावर हात टेकवून पुढे सरकायला लावलं, त्यातलं त्याला फक्त टेबल दिसलं. कप्पी का नाही, हे कुणी मोठ्याने बोललंच नव्हतं. वर्षानुवर्षं विभागात काढली तरी ही अर्धी बाजू नुसतं बघून हाती लागत नाही. यात त्या मुलाच्या हुशारीचा काही संबंध नाही.

विद्यापीठातल्या वर्षांत नेमकी ही न दिसणारी बाजू उघडी करून दाखवतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, अभ्यासक्रम बराच काळ चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप असा चालत आला. सुरुवातीला शरीररचना आणि शरीरक्रिया. खांद्याचं पातं हातात घेऊन कुठला स्नायू कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कुठली नस त्याला चालवते हे पाठ होईस्तोवर सुटका नसते. मग रोग, औषधं, मानसशास्त्र. पुढे अस्थिरोग, मेंदूचे आजार, हृदय आणि फुप्फुसं, आणि समाजातलं काम. बाहेरच्यांना वाटतं, व्यायाम शिकवणाऱ्याला औषधशास्त्र कशाला? तुमच्या आईचंच घ्या. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे नाडीवर बघून ‘अजून दम आहे’ असं ठरवलं तर फसायला होतं. काही गोळ्यांनी झटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी व्यायाम केला तर साखर खाली जाऊ शकते. सकाळी सातला, चहाआधी येणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं.

पण माझ्या मते खरी घडण वर्गात होत नाही, वॉर्डात होते. विद्यार्थी रुग्ण तपासतो, मग शिक्षकांसमोर उभा राहून मांडतो, आणि ते एकच विचारत राहतात: का? हात वर का नेलास? का थांबलास? दुसरं काय असू शकलं असतं? हे नसून तेच आहे कशावरून? चार जणांसमोर तोंडावर पडायला होतं. मला वर्गातली व्याख्यानं फारशी आठवत नाहीत, हे प्रश्न मात्र अजून रुग्णाच्या खाटेपाशी ऐकू येतात. त्या मुलाला आजवर हे कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्याने कप्पी स्वतःच काढली असती, असं मला वाटतं.

आणखी एक. पदवीच्या काळात शिकवलेलं सगळं कायम टिकत नाही. एके काळी लकव्याच्या ताठ स्नायूंना जोराचा व्यायाम देऊ नये, ताठपणा वाढतो, असं सांगायचे. आता स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम आम्ही सर्रास देतो. लकव्याच्या रुग्णाला जितक्या लवकर आणि जितकं जास्त उठवाल तितकं चांगलं, हेही असंच सरळ वाटायचं. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या चाचणीत, पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांत, पहिल्या चोवीस तासांत लवकर आणि वारंवार उठवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगली निघाली नाही, उलट थोडी मागेच राहिली. असा अभ्यास वाचायचा कसा, तो कुणाला लागू होतो आणि कुणाला नाही, हे कळणं हाही शिक्षणाचा भाग. तुमची आई पहिल्या चोवीस तासांत नाही, सातव्या आठवड्यात आहे. तिला भरपूर सराव हवाच.

आता ‘कंटाळा करते’ याकडे येते. हा शब्द मला टोचला.

डाव्या बाजूचा लकवा म्हणजे मेंदूच्या उजव्या भागाला इजा. यात बोलणं बहुधा शाबूत राहतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं डोकं ठीक आहे, माणूस टाळाटाळ करतोय. पण उजवा भाग दुखावला की अनेकांचं डाव्या बाजूचं भानच हरपतं. डोळ्यांना दिसतं, पण मनाला ती बाजू आहे असं वाटत नाही. एक काकी आपल्याच हाताकडे बघून मला म्हणाल्या होत्या, “ह्यो हात कोणाचो?” थट्टा करत नव्हत्या. हे आहे का, याची घरच्या घरी पहिली चाहूल जेवताना लागते. आईला नेहमीसारखं ताट वाढा: मीठ, चटणी, लोणचं डावीकडे, भाजी उजवीकडे, भात मध्ये. जेवण झाल्यावर ताट बघा. उजवी बाजू साफ आणि डावीकडचं तसंच राहिलं, तेही रोज, तर तो कंटाळा नव्हे. डावा हात खुर्चीच्या बाहेर लोंबतोय आणि तिला पत्ता नाही, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतोय, हेही त्यातलंच. आणि असा लोंबणारा, आपटणारा हात दुखणारच.

अशा रुग्णाला ‘हात हलवा, हात हलवा’ म्हणून ओरडून उपयोग नाही. सगळी मांडणीच बदलावी लागते. बोलणाऱ्याने डावीकडून बोलायचं, पाण्याचा तांब्या डावीकडे, पण लगेच सगळंच डावीकडे नाही, नाहीतर बाई तहानलेली बसेल. किती आणि कधी सरकवायचं हे तपासून ठरतं. त्याच्या जोडीला मनाचं. लकव्यानंतर उदासी येणं फार सामान्य आहे आणि तीही बाहेरून आळसासारखीच दिसते. दोन्ही वेगळं काढायला प्रशिक्षण लागतं, आणि उदासी असेल तर डॉक्टरांकडे पाठवावं लागतं.

इथवरचं थोडक्यात: दुखण्याला नाव मिळालेलं नाही, व्यायाम चुकीच्या रुग्णाला दिला गेला असण्याची शक्यता आहे, आणि ‘कंटाळा’ हा कदाचित आजाराचाच भाग आहे. तिन्ही गोष्टी व्यायामाच्या आधीच्या आहेत. तुमचा भाऊ म्हणतो व्यायाम तो व्यायाम, ते एकदा व्यायाम ठरल्यावर बरंचसं खरं आहे. ठरवायचा कुणी, एवढाच वाद आहे.

मालिशीबद्दलही लिहायला हवं, कारण आपल्याकडे ती कोणी सोडत नाही. हलक्या हाताने तेल लावण्याला माझी हरकत नाही, आईला बरं वाटत असेल तर लावा. पण लकव्यानंतर, कमी हालणाऱ्या पायाच्या पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पोटरी सुजली, दुसरीपेक्षा गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर त्या पायाला मालीश करायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. शिकलेला फिजिओथेरपिस्ट पायाला हात लावण्याआधी दोन्ही पोटऱ्या बघतो, कधी टेप लावून मोजतो. घरच्यांना वाटतं वेळ काढतोय.

शेकाचंही तेच. निर्गुडीचा पाला, गरम वाळूची पुरचुंडी, विटेचा शेक, हे सगळं आपल्या घरांत चालतं. पण आधी डोळे मिटून गरम-थंड, टोचलेलं-न टोचलेलं कळतंय का हे तपासायला हवं. लकवा आणि वर मधुमेह असलेल्या पायाला चटका बसला तरी कळत नाही, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पाणी पिताना ठसका लागतोय, आवाज ओला येतोय, बारीक ताप आहे, असं असेल तर अन्न-पाणी श्वासनलिकेत जात असू शकतं. त्या दिवशी व्यायामापेक्षा छाती तपासणं महत्त्वाचं.

आता दुसरी बाजू, नाहीतर हे उत्तर जाहिरात होईल. पदवी म्हणजे हमी नव्हे. पदवी घेऊनही रुग्णाला न तपासता मशीन लावून दुसऱ्या खोलीत जाणारे लोक आहेत. ‘दहा दिवस लाईट, दहा दिवस करंट’ असं पॅकेज सांगणारेही आहेत. करंटला ठरावीक जागी उपयोग आहे, अगदी ढिल्या खांद्यालासुद्धा, पण तो रुग्ण बघून ठरवायचा. त्यामुळे कणकवलीहून येणाऱ्या व्यक्तीची परीक्षा तुम्हीही घ्या. पहिल्या भेटीत हॉस्पिटलचा कागद वाचला का? बीपी बघितलं का? आईला पलंगावरून उठताना, उभं राहताना नुसतं बघितलं का, की आल्या आल्या हात ओढायला लागले? चांगल्या बाजूशी तुलना केली का? काय करायचं नाही हे सांगितलं का? कधी फोन करायचा हे सांगितलं का? पहिल्या भेटीत व्यायाम कमी आणि प्रश्न जास्त झाले, तर पैसे वाया गेले असं समजू नका.

नोंदणी क्रमांक विचारायलाही संकोच नको. महाराष्ट्रात व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेचा २००२ चा कायदा आहे, आणि देशपातळीवर २०२१ चा संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा आला आहे. नोंदणी असलेला माणूस क्रमांक सांगतो, चिडत नाही. फिजिओथेरपिस्टने नावाआधी ‘डॉक्टर’ लावावं की नाही, या वादात मला पडायचं नाही.

मग त्या मुलाला बंद करायचं का? मुळीच नाही. मी तुमच्या जागी असते तर त्याला सोडलं नसतं. मेंदूला पुन्हा शिकायला सराव लागतो, तोही दिवसाला शेकड्यांनी, आणि आठवड्यातून दोनदा येणारी पदवीधर बाई तो कुठून देणार? मी कुणाच्या घरी आठवड्याला दोन तास असते. उरलेला आठवडा सून, शेजारीण, नातवंडं आणि असा एखादा मुलगा यांचाच असतो. तो वेळेवर येतो, आईला त्याची सवय आहे, त्याच्या हातात भीती नाही. हे सगळं मौल्यवान आहे.

म्हणून मला सुचते ती मांडणी अशी. पदवीधर फिजिओथेरपिस्टला दोनदा नाही परवडलं तर आठवड्यातून एकदा बोलवा, पण पहिले दोन-तीन आठवडे तरी दोनदा जमवा, कारण खांद्याचं निदान आणि रोजची आखणी तेव्हाच होईल. ज्या वेळी त्या येतील तेव्हा तो मुलगा आणि तुमची वहिनी तिथे हजर हवेतच. कुठला व्यायाम, किती वेळा, हात कुठे धरायचा, काय दिसलं की थांबायचं, हे वहीत लिहून घ्या. मधल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर एकदा दाखवा. नेटवर्क नसेल तर चित्रण करून रेंज मिळेल तिथून पाठवा. मुलाने आपल्या मनाने नवीन व्यायाम सुरू करायचा नाही, मान-पाठ कडकड मोडायची नाही, दुखतंय म्हणाली की जोर लावायचा नाही. कामाची वाटणी आपण ठरवली की दोघांचे मान राहतात. मी अशा मुलांबरोबर काम करते. समजावून सांगितलं तर बहुतेकांना आवडतं, एखाद्याचा मात्र अहंकार दुखावतो. तसं झालं तर पर्याय शोधावा लागेल, हे आत्ताच धरून चाला.

खर्चाचं मी हलकं घेत नाही. दीडशे रोजचे आणि वर सहाशे, हे महिन्याचं गणित आंबा-काजूवर चालणाऱ्या घराला जड आहे. कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय इथे भौतिकोपचाराची सोय सध्या कोणत्या दिवशी आहे, याची चौकशी करा. पहिली तपासणी तिथे आणि पुढची देखरेख घरी, असंही होऊ शकतं. पावसात गाडीत घालून नेणं आईला झेपेल का, हे तुम्हालाच बघावं लागेल. खालच्या वाडीतलं घर आणि गाडीपर्यंत पाखाडीच्या पायऱ्या असतील, तर माझं उत्तर वेगळं, म्हणजे घरीच बोलवा. किती फरक पडेल हेही आईच्या मेंदूला इजा किती आणि कुठे झाली, साखर किती आटोक्यात आहे, डावीकडचं भान किती आहे, यावर ठरेल. उत्तम फिजिओथेरपिस्ट मिळूनही हात फारसा न सुटलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तरी त्यांचा खांदा दुखत नव्हता आणि ते पडले नव्हते, हेही काही कमी नाही.

तपासणी होईपर्यंत या आठवड्यात एवढं करा. कप्पी काढा. आईला उठवताना डावा हात किंवा काख धरून ओढू नका. कमरेला रुंद, मऊ पट्टा बांधा आणि त्याला धरून उठवा, सांगा तिलाही पुढे वाकायला. बसलेली असताना डावा हात मांडीवरून लोंबू देऊ नका, समोर टेबल किंवा मांडीवर उशी घेऊन त्यावर कोपरापासून पंजापर्यंत टेकवा. गळ्यातली झोळी दिवसभर नको, त्याने हात वाकलेलाच आखडतो. चालताना हात फार लोंबत असेल तर तेवढ्यापुरती. डाव्या कुशीवर झोपवायला हरकत नाही, मात्र खांदा अंगाखाली दाबला न जाता पुढे ओढलेला असावा. झोपताना दुखलं तर ती कूस सोडा. स्पंजचा चेंडू दाबायला दिला असेल तर काढून घ्या. लकव्यात बोटं मिटायला शिकवावी लागत नाहीत, उघडायला शिकवावी लागतात. आणि खळ्यात शेवाळ आहे तोवर चालण्याचा सराव पडवीतच. जांभ्याची पायरी ओली असताना निरोगी माणूसही घसरतो.

तुम्ही विचारलंय, चतुर्थीपर्यंत आई चालेल का. दर पावसाळ्यात हा प्रश्न मला येतो, कारण चाकरमानी घरी यायचे असतात आणि सगळ्यांना ती ओटीवर उभी दिसायला हवी असते. बघितल्याशिवाय शब्द देत नाही. लकव्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, नंतर ती मंदावते पण थांबत नाही. ती आत्ता आधाराने किती वेळ उभी राहते, उभी असताना डाव्या पायावर वजन टाकते का, पाऊल खरडतं का, यावर अंदाज करता येईल. माजघरापासून गणपतीपर्यंत एका माणसाच्या आधाराने चालणं, हे ध्येय म्हणून येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा. ‘बरी करा’ म्हणण्यापेक्षा त्यांना त्यातून जास्त कळेल: मधला उंबरठा किती उंच आहे, वळण कुठल्या बाजूला आहे, कुठे धरायला खांब आहे. आखणी त्या उंबरठ्याची करता येते.

भेटीआधी हॉस्पिटलमधून सोडतानाचा कागद, सीटी किंवा एमआरआयचा अहवाल, चालू औषधांच्या पट्ट्या (नावं नकोत, पट्ट्याच), आणि गेल्या आठवड्याचे साखर-बीपीचे आकडे एका पिशवीत ठेवा. खांदा कधी दुखतो तेही वहिनीला चार दिवस लिहून ठेवू द्या: रात्री की दिवसा, झोपल्यावर की हलवल्यावर, पंजा सुजतो का. इथे आणखी काही विचारायचं असेल तर आई पलंगावरून उठतानाचा छोटा व्हिडिओ टाका, चेहरा न दाखवता. समोरून नको, डाव्या बाजूने घ्या.